'मल्हार' टाइप केल्यावर यादीत फक्त मल्हारच उरावेत, यासाठी

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेली सुमारे चार हजार ध्वनिमुद्रणं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली आहेत. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडून 'मल्हार' टाइप केलं, तर निवड 'मल्हार'पासून सुरू होणाऱ्या एका फाइलवर जाऊन थांबते. 'गौड मल्हार', 'मियां मल्हार' कुठेतरी वर-खाली तसेच राहतात आणि यादी होती तेवढीच लांब दिसते. प्रश्नकर्त्याला हवं आहे ते असं, की एकेक अक्षर टाइप करावं तसतशी यादी आखूड होत जावी. घरात लिनक्सचा एक जुना लॅपटॉपही आहे, त्यावरही हे जमेल का?

दोन्हीकडे जमेल. मी ग्वाल्हेरमध्येच बरीच वर्षं घरगुती मैफलींच्या कॅसेट उतरवून देण्याचं काम करते, त्यामुळे तुमची यादी कशी दिसत असेल हे मला न पाहता कळतं. म्हणून उत्तर जरा लांब देते.

फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे एक्सप्लोररसारख्या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तुम्ही टाइप करू लागता तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली म्हणजे उडी: यादी तशीच राहते, फक्त निवड त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पहिल्या नावावर जाते. दुसरी गाळणी: उघड्या फोल्डरमधली न जुळणारी नावं डोळ्यांआड होतात. तिसरी शोध: प्रोग्राम फोल्डरच्या आतल्या फोल्डरांतही शिरतो आणि सापडेल ते वेगळ्या यादीत आणून देतो. तुम्हाला हवी आहे गाळणी आणि एक्सप्लोरर तुम्हाला देतो आहे उडी.

उडी नाव नेहमी सुरुवातीपासूनच जुळवते. शिवाय दाबलेली अक्षरं ती सुमारे सेकंदभरच लक्षात ठेवते. 'म' दाबून तुम्ही जरा थांबलात आणि मग 'ल' दाबलंत, तर ती 'मल' न शोधता 'ल'वर जाते. मराठीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड शब्द आधी स्वतःजवळ जुळवतो आणि मग पुढे देतो. त्याला लिहायला चौकट लागते आणि फाइलींच्या यादीत चौकट नसते. त्यामुळे अक्षरं उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत एका कळीला एक चिन्ह असल्याने उडी तरी बरी चालते.

उडीमुळे झालेली एक गोष्ट मी विसरलेली नाही. महाराज बाडा या चौकामागच्या एका घरी मी कॅसेट उतरवून दिल्या होत्या. तिथल्या काकांनी पुढच्याच आठवड्यात 'मल्हार' टाइप करून पाहिलं. निवड 'मल्हाराचे प्रकार' नावाच्या एका व्याख्यानावर जाऊन थांबली आणि त्यांचा समज झाला की एवढा एकच मल्हार उतरला, बाकीचे गेले. दोन दिवस बसून त्यांनी जुन्या कॅसेट पेटीतून काढून पुन्हा लावल्या. त्यातली एक टेप त्या खटाटोपात अडकून चुरगळली. सगळ्या फाइली डिस्कवर होत्या, फक्त त्यांची नावं 'गौड', 'मियां', 'मेघ', 'रामदासी' अशी सुरू होत होती. तेव्हापासून डिस्क हातात देताना गाळणी कशी लावायची हे मी समोर बसवून दाखवते.

आता विंडोजचं सांगते. एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू' पानावर अगदी तळाशी 'व्हेन टायपिंग इन्टू लिस्ट व्ह्यू' असा मुद्दा असतो. तिथे दोन पर्याय दिसतील: टाइप केलेली फाइल यादीत निवडायची, की अक्षरं आपोआप शोधाच्या चौकटीत जायची. दुसरा निवडलात की उडी बंद होते आणि टाइप करताच शोध सुरू होतो. पण हा शोध आहे. तो आतल्या फोल्डरांत जातो, बाहेरच्या डिस्कवर रेंगाळतो आणि शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवण्याकडे त्याचा कल असतो. नावाच्या मधला तुकडा हवा असेल तर दोन्ही बाजूंना स्टार लावून *हार* असं लिहावं. चालेल, पण रोज वापरायला मला तो जड वाटतो.

म्हणून तुमच्या विंडोजवर मी डबल कमांडर घालायला सांगेन. तो मोफत आहे, दोन बाजूंना दोन फोल्डर दाखवतो आणि कंट्रोल-एफ दाबलं की खाली गाळणीची चौकट उघडतो. चौकटीशेजारी महिरपी कंसांची दोन छोटी बटणं असतात. डावं दाबलेलं असेल तर नाव त्याच अक्षरांनी सुरू व्हावं लागतं, उजवं दाबलेलं असेल तर तिथेच संपावं लागतं. दोन्ही सोडून द्या. मग 'मल्हार' लिहिताच नावात कुठेही मल्हार असलेल्या फाइली उरतील. टोटल कमांडरमध्येही हे कंट्रोल-एसने होतं. तो ख्रिस्तियान गिस्लर यांनी १९९३ पासून चालवलेला जुना आणि भरवशाचा प्रोग्राम आहे, मात्र चाचणीनंतर त्याचे पैसे भरायचे असतात.

लिनक्सवर तुमच्याकडे केडीई हा डेस्कटॉप असेल तर तुम्ही नशीबवान आहात. डॉल्फिन या तिथल्या फाइल मॅनेजरची गाळणी मी पाहिलेल्यांत सगळ्यांत सरळ आहे. कंट्रोल-आय किंवा नुसती तिरपी रेघ दाबली की खाली पट्टी येते. त्या पट्टीत लिहिलेलं नावात कुठेही असलं तरी जुळतं आणि एस्केप दाबलं की लिहिलेलं पुसलं जातं, पुन्हा दाबलं की पट्टी जाते. गनोम या दुसऱ्या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर असेल तर गोष्ट वेगळी. २०१२ साली आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तिथली उडी काढून टाकली गेली आणि टाइप करताच आतल्या फोल्डरांसकट शोध सुरू होऊ लागला. तेव्हा अनेकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये आतल्या फोल्डरांत शोधायचं की नाही याचा पर्याय आहे. तो 'नेव्हर'वर ठेवलात तर तो शोध जवळजवळ गाळणीसारखा वागतो.

गाळणी इतकी झटपट का, हेही कळलेलं बरं. फोल्डर उघडताना नावांची यादी मेमरीत आलेलीच असते. गाळणी फक्त त्या यादीवर हात फिरवते, डिस्कला पुन्हा विचारत नाही. चार हजार नावं तिच्यासाठी काहीच नाहीत. शोधाला मात्र प्रत्येक आतला फोल्डर नव्याने वाचावा लागतो.

याच वेगाची दुसरी बाजू म्हणजे गाळणीला फक्त उघडा फोल्डर दिसतो. तुमच्या घरी भातखंड्यांच्या पद्धतीने दहा थाटांचे, म्हणजे रागांच्या दहा गटांचे, दहा फोल्डर केलेले असतील, अशी मला जवळजवळ खात्री आहे. ग्वाल्हेरच्या कितीतरी घरांत मी तेच पाहिलं आहे. त्या दहा फोल्डरांच्या वरच्या पातळीवर 'सारंग' लिहिलंत तर यादी रिकामी होईल, कारण तिथे बिलावल, कल्याण, काफी अशी नावं आहेत, सारंग कुठेच नाही. वृंदावनी सारंग काफी थाटात आणि गौड सारंग कल्याण थाटात. कॅसेट लावणाऱ्याच्या मनात दोन्ही शेजारी असतात, पण फोल्डरांनी त्यांची ताटातूट केलेली असते. डबल कमांडर आणि टोटल कमांडर या दोघांतही कंट्रोल-बी दाबलं की आतल्या सगळ्या फोल्डरांतल्या फाइली एकाच सपाट यादीत येतात, आणि मग त्या यादीवर गाळणी लावता येते. मला हा मार्ग फार आवडतो. थाटाची रचना मोडावी लागत नाही आणि सगळे सारंग एकत्र दिसतात.

सगळी डिस्क एकदम पालथी घालायची असेल तर विंडोजवर 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर फाइलींच्या नावांची एक मुख्य नोंदवही असते. हा ती नोंदवही थेट वाचतो, म्हणून पहिल्या अक्षरापासून यादी हलते. त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडली की दोन्ही शब्द नावात असावेत असा अर्थ होतो, क्रम कुठलाही चालतो. 'टप्पा काफी' आणि 'काफी टप्पा' दोन्हींना उत्तर एकच. डॉल्फिनच्या पट्टीत मात्र जागा म्हणजे जागाच. तिथे *काफी*टप्पा* असे स्टार लावावे लागतात आणि क्रमही नावातलाच हवा. कडेचे दोन स्टार विसरू नका, कारण स्टार आला की पूर्ण नाव जुळवलं जातं. डिस्क एक्सफॅट पद्धतीची असेल तर ती नोंदवही मिळत नाही. मग एव्हरीथिंगच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर वेगळा नोंदवावा लागतो.

इथवर सांगितलेलं कुणीही सांगेल. तुमची खरी अडचण याच्यापुढे सुरू होणार आहे, कारण तुमच्या फाइली ग्वाल्हेरमध्ये नाव लावलेल्या आहेत. काही नावं घरच्यांनी मराठी वळणाने लिहिली असतील, काही दुकानातल्या मुलाने हिंदी वळणाने. एकाच फोल्डरमध्ये 'तोडी' आणि 'तोड़ी', 'मियां', 'मियाँ' आणि 'मिया', 'वसंत' आणि 'बसंत', 'कानडा' आणि 'कान्हडा', 'पूरिया' आणि 'पुरिया' असे सगळे नांदत असतात. आपल्याला ते एकच वाटतं. गाळणीला मात्र उच्चार, अर्थ, राग यांतलं काही कळत नाही. ती एकामागून एक ठेवलेले संकेतांक, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हासाठी ठरलेले आकडे, जुळवते.

यावरचा माझा उपाय साधा आहे: मतभेद सुरू होतो त्याच्या आधी थांबायचं, किंवा मतभेद संपतो तिथून सुरू करायचं. 'कान' एवढंच लिहिलं की 'कानडा' आणि 'कान्हडा' दोन्ही येतात, कारण जोडाक्षर दिसायला एकसंध असलं तरी आत 'न', हलन्त आणि 'ह' असे वेगवेगळे ठेवलेले असतात. 'मिया' लिहा, पुढे अनुस्वार असो की चंद्रबिंदू, तिन्ही प्रकार सापडतील. 'संत' लिहा, वसंतही येईल आणि बसंतही. 'रिया' लिहा, ह्रस्व-दीर्घाचा वाद बाजूला राहील. 'तिलवाडा'साठी 'तिलवा'. पूर्ण शब्द लिहायची सवय सोडावी लागते एवढंच. आठवडाभरात बोटांना कळतं की कुठल्या रागाचा कुठला तुकडा पक्का आहे.

नुक्त्याचं, म्हणजे हिंदीत अक्षराखाली देतात त्या टिंबाचं, प्रकरण जरा खोल आहे. 'ड़' हा एकच संकेतांक म्हणूनही लिहिता येतो आणि 'ड' अधिक नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली 'तोड़ी' ही 'तोड' टाइप केल्यावर सापडते, कारण आत 'ड' आहे. पहिल्या पद्धतीची सापडत नाही. म्हणून गाळणीत काही तोड्या दिसल्या आणि काही नाही, तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, 'तो' एवढ्यावर मागे या आणि यादी वाचा.

आपल्या मराठीचीही अशीच दोन दुखणी आहेत. पहिलं, 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी' यांतला अर्धा र. तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून लिहितात, किंवा साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. दिसतं एकसारखंच. डिस्क कधी मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीवरून आली असेल तर तिसरा प्रकार असतो. त्या पद्धतीत नाव साठवताना 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता असा ठेवला जातो. 'दुसऱ्या बैठकीतला यमन' शोधताना 'दुस' किंवा 'बैठक' लिहा, मधल्या र्‍याच्या वाटेला जाऊ नका. दुसरं दुखणं 'ॲ'. 'ॲल्बम'मधला हा स्वर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या संकेतांकांच्या यादीत, स्वतंत्रपणे २००८ साली आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी फाइलींत तो 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. ही दोन रूपं तर युनिकोडच्या नियमांतही समान मानलेली नाहीत, त्यामुळे हुशार प्रोग्रामही इथे मदत करत नाहीत. 'ल्बम' लिहून पाहा.

आकड्यांचंही तेच. 'सन १९८४' देवनागरी आकड्यांत असेल आणि तुम्ही इंग्रजी आकडे टाइप केलेत, तर गाळणी रिकामी यादी दाखवेल. एकच पद्धत ठरवून टाका. माझा स्वतःचा कल फाइलींच्या नावात इंग्रजी आकडे ठेवण्याकडे आहे, कारण मराठी कीबोर्ड नसलेल्या संगणकावरही ते टाइप होतात. घरात सगळे देवनागरी आकडेच लिहीत असतील तर तेही ठीक, मिसळ मात्र नको.

नावं एकसारखी करायची ठरवलीत तर मी असं सुचवीन: आधी वर्ष-महिना-दिवस, मग राग, मग प्रकार, मग ताल, शेवटी कॅसेटचा क्रमांक आणि बाजू. '1984-07-15 गौड मल्हार ख्याल तिलवाडा कॅसेट 32 अ' असं. तारीख पुढे असल्याने साधी यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. राग मधे गेला म्हणून हळहळू नका, गाळणीला तो कुठेही सापडतो. प्रकार नावात घालाच, असा माझा आग्रह आहे. ग्वाल्हेरच्या गायकीत ख्यालाबरोबर टप्पा, तराणा, अष्टपदी हे सगळं गायलं जातं. 'टप्पा' लिहून घरातले सगळे टप्पे एका पडद्यावर आले, की आजोबांनी कोणकोणत्या रागांत टप्पा गायला हे पहिल्यांदा दिसतं. एका घरी मी हे केलं तेव्हा तिथल्या आजी कितीतरी वेळ ती यादीच वाचत बसल्या होत्या.

नावं बदलायला डबल कमांडर आणि टोटल कमांडर या दोघांतही कंट्रोल-एमने एकगठ्ठा नामांतराचा तक्ता उघडतो. आधी गाळणीने 'तोड़ी'वाल्या फाइली वेगळ्या करा, त्या निवडा, आणि तक्त्यात कशाच्या जागी काय हे लिहा. नवं नाव शेजारच्या रकान्यात आधी दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे सगळं डिस्कच्या प्रतीवर करा, मूळ डिस्कवर नको.

गाळणीत एक धोका आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. डॉल्फिनच्या पट्टीशेजारी कुलपाचं बटण असतं. ते दाबलेलं असेल तर फोल्डर बदलला तरी गाळणी तशीच राहते. एका घरची डिस्क नव्या डिस्कवर उतरवताना ते कुलूप लागलेलं राहिलं आणि पट्टीत 'कानडा' होतं. मी पुढच्या फोल्डरमध्ये गेले, सगळं निवडलं आणि उतरवलं. 'सगळं' म्हणजे दिसत होतं तेवढं. आसावरी थाटातून फक्त दरबारी कानडा गेले आणि बाकीचा फोल्डर मागेच राहिला. जुनी डिस्क त्याच संध्याकाळी दुसऱ्या कामासाठी पुसली जाणार होती. मी निघताना दोन्हींकडचा फाइलींचा आकडा पडताळला म्हणून कळलं. पडताळला नसता तर एका माणसाच्या तीस वर्षांच्या गाण्यातला मोठा भाग माझ्या हातून गेला असता.

तेव्हापासून माझ्या तीन सवयी आहेत. ते कुलूप मी वापरत नाही. प्रत घ्यायची असेल तर आत जाऊन फाइली न निवडता बाहेरून आख्खा फोल्डर उचलते. फोल्डर उचलला की आतल्या गाळणीचा त्यावर परिणाम होत नाही. आणि शेवटी दोन्हींकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून बघते. खिडकीच्या खालच्या पट्टीवरचा आकडा यासाठी घेऊ नका, तो गाळलेल्या यादीचा असू शकतो. पुसतानाही हेच लक्षात ठेवा. तसंच गाळणी लावलेली असताना नवं ध्वनिमुद्रण त्या फोल्डरमध्ये साठवलंत आणि ते दिसलं नाही, तर घाबरून पुन्हा साठवू नका, आधी एस्केप दाबा.

तुमच्यासाठी पहिला दिवस असा घालवा. डबल कमांडर घाला, डिस्कची प्रत काढा, प्रतीवर कंट्रोल-बीने सपाट यादी करा. मग कंट्रोल-एफ, महिरपी कंसांची दोन्ही बटणं सुटलेली आहेत का ते बघा आणि 'मल्ह' लिहा. जे उरतील ते मोजून कागदावर लिहून ठेवा. नंतर 'मल' एवढंच ठेवून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर वाढीव नावं एकेक करून वाचा. त्यात कुणीतरी 'मलार' लिहिलेलं असेल, कुठे 'मल्लार' असेल. मलुहा केदारही येईल, तो सोडून द्या.

कॅसेटच्या वेष्टणावर आजोबांच्या हाताने जे लिहिलेलं आहे त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये, ध्वनिफितीच्याच नावाने ठेवा. मग 'तिलवा' लिहिल्यावर गाणं आणि ते अक्षर, दोन्ही शेजारी येतील.